चेकरचं पूर्ण उत्तर

माझा भाऊ घरात कमी बोलायचा आणि रेडिओवर मोजकं. त्याच्या पोटात काय चाललंय ते ओळखायचं काम त्यामुळे जन्मभर माझ्याकडेच आलं. ते मला जमायचंही. पण त्याच्या वतीनं बोलणं काही माझ्या हातात नव्हतं, आणि जिथं त्यानं तोंड उघडायला हवं होतं तिथं तो मूग गिळून बसला. हे सगळं रामायण त्याचंच.

आम्ही दोघं एकाच विमानतळावर कामाला. चालकांच्या खोलीत एका कोपऱ्यात चहाचा ओटा आहे, तो माझा. वर फळीवर रेडिओ असतो, दिवसभर चालू. दादा रनवे तपासायची पिवळी जीप चालवायचा. विमानं येण्याआधी रनवेवरून फेरी मारायची, खिळा, टायरचा तुकडा, मेलेला पक्षी असं काही पडलेलं असेल ते उचलायचं, जिवंत पक्षी बसलेले असतील तर भोंगा वाजवून हाकलायचे. रेडिओवर त्या जीपचं नाव चेकर. तिथं माणसांना नावं नसतातच, गाड्यांना असतात. आणि वर काचेच्या खोलीत बसून कुणी थांबायचं, कुणी जायचं हे जो सांगतो तो टॉवर. मग तो कुणी का असेना.

रनवेच्या तोंडाशी जमिनीवर पिवळ्या रेषा मारलेल्या आहेत. टॉवरनं 'आत जा' म्हटल्याशिवाय त्या ओलांडायच्या नाहीत. हा पहिला नियम. दुसरा त्याच्या पाठीला पाठ लावून आलेला: टॉवरनं जे सांगितलं ते जसंच्या तसं परत बोलून दाखवायचं. 'रेषेवर थांबा' म्हटलं की 'रेषेवर थांबतो, चेकर' असं म्हणायचं. रेडिओवर मान डोलावली तर दिसणार कुणाला? परत बोललं म्हणजे टॉवरला कळतं, की सांगितलेलं पोचलं आणि नीट पोचलं.

हा दुसरा नियम दादानं तिथल्या एकूणएक चालकाच्या डोक्यात ठोकून बसवला होता. नवा माणूस आला की आधी दादाच्या जीपमध्ये बसून शिकायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. कुणी रेडिओवर नुसतं 'बरं' म्हणालं की मास्तरांचा पारा चढलाच. "बरं म्हणजे काय बरं? तब्येत बरी? हवा बरी? परत आलं नाही ते पोचलं नाही असं धरायचं. काय?" त्या 'काय'चंसुद्धा पूर्ण उत्तर द्यावं लागायचं. आगीच्या बंबाचा चालक, ज्याला आम्ही बंबवालाच म्हणतो, त्याची अशी हुबेहूब नक्कल करायचा की हसून हसून माझा चहा उतू जायचा. दादासमोर मात्र त्याची बोलती बंद.

आणि घरी होती चिऊ. दादाची लेक. दिवसभर पक्षी हाकलायचे आणि लेकीला चिऊ म्हणायचं, याला काय म्हणावं! वहिनी गेली तेव्हा ही एवढीशी होती. मी चार दिवस मदतीला म्हणून आले, ती इथलीच झाले. मला वाटलं होतं दादाला मुलीशी बोलायला जमणार नाही. तर त्यानं आपली एक युक्ती काढली. जेवायच्या टेबलावर दोघांनी एकेक पेला तोंडाला लावायचा, तो झाला रेडिओ. "चिऊ, दप्तर जागेवर ठेवा." "दप्तर जागेवर ठेवते, चिऊ." "बरोबर." त्याच्या त्या 'बरोबर'साठी ही पोरगी सांगाल ते काम करायची. अहो, दूधसुद्धा प्यायची, नाक न मुरडता! घरात तो तिला अहोजाहो करायचा ते फक्त त्या पेल्यातून. मी दोघांना म्हणायचे, की अरे, समोरासमोर बसलाय, तोंडानं बोला. पण खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

तेव्हा ती मोठी झाल्यावर कुठं जाणार होती? टॉवरमध्येच. अभ्यास केला, परीक्षा दिल्या, दुसरीकडे शिकून आली आणि नेमकी आमच्याच विमानतळावर लागली. वडील खाली जीपवर आणि लेक वर टॉवरमध्ये, हे चालेल का असं कुणीतरी साहेबांना विचारलंही. साहेब म्हणाले, "रेडिओवर टॉवर आहे आणि चेकर आहे. बाप-लेक घरी." ऐकायला किती सोपं वाटलं तेव्हा.

पहिल्या दिवशी तिचा आवाज फळीवरच्या रेडिओतून आला आणि आमची अख्खी खोली कान टवकारून बसली. "चेकर, आत जा, पूर्ण रनवे तपासा, बाहेर आलात की कळवा." दादानं ते असं सगळंच्या सगळं, एकेक शब्द सुटा करून परत म्हटलं, की बंबवाल्यानं टाळ्या वाजवल्या. वरून ती म्हणाली, "बरोबर." मी पदर डोळ्याला लावला. लावला तर लावला. पोरीला मीही वाढवली होती.

काही आठवडे असे मजेत गेले. मग एका दुपारी, उन्हानं डोकं उठलेलं असताना, दादानं कंटाळून उत्तर दिलं, "हं, चेकर." रेडिओ क्षणभर गप्प झाला. मग तिचा आवाज आला, अगदी शांत. "चेकर, पूर्ण उत्तर द्या." त्यानं दिलं. चूक काहीच नव्हती, तिनं तेच केलं जे त्यानं शिकवलं होतं. पण खोलीत हशा पिकला. "मास्तरांची शाळा घेतली हो लेकीनं!" बंबवाला ओरडला. मी चिमटा उगारून त्याला म्हटलं, "दात काढू नकोस, पोरीनं बरोबर केलंय." फेरी आटोपून दादा दारात उभा राहिला तरी हशा थांबला नव्हता. त्यानं ते हसणं ऐकलं होतं. चहा न घेताच परत गेला.

संध्याकाळी घरी चिऊनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणं विरून जातं. तो पेल्याकडे बघत म्हणाला, "चारचौघांत मला धडा म्हणायला लावलास."

"बाबा, पण नियम..."

"नियम मी तुला शिकवला. तू मला शिकवू नकोस."

मला राहवलं नाही. "अरे, जगाला तूच सांगत फिरतोस ना, परत बोला म्हणून? मग लेकीनं सांगितलं तर अंगाला का झोंबतं?"

"तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला आणि उठून गेला. चिऊ तशीच उभी राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचं सुरू झालं. टॉवरवर दुसरं कुणी असलं की सगळं चोख. चिऊ असली की "हं." कधी "बरं." आणि वरून काही नाही. रेडिओ क्षणभर गप्प व्हायचा आणि ती पुढच्या कामाला लागायची. तो गप्प क्षण मला ऐकू यायचा. इतरांना येत होता की नाही कोण जाणे.

मी दोघांच्याही मागे लागले. दादाला म्हटलं, "तुझ्या 'हं'नं एक दिवस घात होईल." तो म्हणाला, "इतकी वर्षं चालवतोय, मला कळतं." चिऊला म्हटलं, "त्याला विचार परत. सोडू नकोस."

"आत्या, बाबांना कसं गं सांगू परत परत?"

"तिथं तो बाबा नाही. चेकर आहे."

"आवाज बाबांचाच असतो ना."



मग तो दिवस आला. सकाळचं विमान रोज दादाच्या फेरीआधी उतरायचं. ते उतरलं की जीप रेषेशी जाऊन उभी राहायची, दादा विचारायचा आणि चिऊ म्हणायची, "आत जा." रोजचं ठरलेलं. त्या दिवशी विमानाला उशीर झाला होता. दादाला ते माहीत होतं, सकाळी सगळ्यांना सांगितलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हातापायांना पडलेली सवय वेगळी.

मी कप विसळत होते. रेडिओवर दादा म्हणाला, "टॉवर, चेकर रेषेजवळ, फेरीसाठी आत जाऊ?"

"चेकर, रेषेवर थांबा, विमान उतरतंय."

"हं."

तो गप्प क्षण आला आणि गेला. मी वर बघितलं. आमच्या खिडकीतून रनवेचं ते टोक दिसतं. पिवळी जीप रेषेवर थांबली नाही. रोजच्यासारखी हळूहळू, रमतगमत, पिवळा दिवा फिरवत सरळ आत गेली. आणि तिच्या मागच्या बाजूनं, आकाशात खाली आलेलं, चाकं सोडलेलं विमान. माझ्या हातातला कप कुठे पडला मला आजही आठवत नाही. बंबवाला "मास्तर! मास्तर!" असं खिडकीतून ओरडत होता. त्याला काय ऐकू जाणार?

चिऊनं पाहिलं. देवाची कृपा, तिनं पाहिलं. तिनं वैमानिकाला उतरू नका, वर जा, म्हणून सांगितलं आणि त्या माणसानं पूर्ण उत्तर दिलं, एका दमात. विमान जीपच्या डोक्यावरून असं गर्जत वर गेलं, की आमच्या फळीवरचा डबा खाली आला. मग तिचा आवाज. कापत नव्हता. कापला असता तर मला बरं वाटलं असतं. "चेकर, ताबडतोब रनवे सोडा."

"ताबडतोब रनवे सोडतो, चेकर," दादा म्हणाला. किती तरी दिवसांनी पूर्ण.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. विमान फिरून परत आलं, उतरलं, माणसं आपापल्या बॅगा घेऊन घरी गेली. माझा जीव भांड्यात पडला. मूर्ख मी. मला वाटलं, निभावलं.

चौकशीला वरच्या ऑफिसातून एक बाई आल्या. सभ्य होत्या, आवाज चढवायच्या नाहीत. रेडिओवरचं सगळं बोलणं टेप होत असतं, ते त्यांनी त्या दिवसाचंच नाही, मागचंही काढलं. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा तेच चाललं होतं. चिऊचा आवाज, मग "हं". पुन्हा चिऊचा आवाज, पुन्हा "हं". "बरं". "हं". टेबलाच्या एका बाजूला दादा आणि चिऊ शेजारी शेजारी बसलेले, एकमेकांकडे न बघता. तो आवाज बाहेर आला की दादाचे खांदे दर वेळी थोडे खाली जायचे.

बाईंनी टेप बंद केली. "चेकरनं चूक केली हे उघड आहे," त्या चिऊला म्हणाल्या. "पण तुम्ही पूर्ण उत्तर मागितलं नाहीत. आधी एकदा मागितलेलं दिसतं. नंतर कधीच नाही. का? कुणी काही बोललं होतं का तुम्हाला?"

मी ट्रे तसाच धरून उभी. मनात म्हटलं, बोल दादा. हीच वेळ आहे. एवढंच सांग, की मीच घरी तिचं तोंड बंद केलं. तुझी जीप तर आता जाणारच आहे, पण तिची खुर्ची वाचेल. दादानं तोंड उघडलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, उघडलं होतं. चिऊनंही मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. थांबली ती, जितकं रेडिओवर थांबायची तितकीच. मग बाईंकडे वळून म्हणाली, "कुणी काही बोललं नाही. माझी चूक." दादानं तोंड मिटलं.

"बाई, मी सांगते..." माझ्या तोंडून निघालंच. चिऊनं माझ्याकडे पाहून नको अशी मान हलवली. बाईंशेजारी बसलेले साहेब म्हणाले, "चहा ठेवा आणि जा तुम्ही." मी ठेवला आणि गेले.

दादाचा रनवेवर जायचा परवाना काढून घेतला. सामानाच्या गाड्या ओढायच्या ट्रॅक्टरवर टाकला त्याला, रनवेच्या आसपासही नाही. आणि चिऊला टॉवरमधून उतरवलं. लांबच्या एका विमानतळावर मदतनीस म्हणून पाठवायचं, तिथं पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, पुन्हा परीक्षा, मग पुढचं पुढे. म्हणजे परत चिमणीनं काडी काडी जमवायची.

त्या दिवशी घरी मी दादाला सोडला नाही. "तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या? सगळ्या जगाला बोलायला शिकवतोस आणि स्वतःच्या पोरीसाठी तुला एक वाक्य जड झालं?" तो खुर्चीत बसून राहिला. तिथूनच म्हणाला, "जिभेवर आलं होतं." मी म्हटलं, "जिभेवर आलेलं टेपमध्ये जात नाही, दादा." कठोर बोलले मी. पण मला त्याची कीवही येत होती आणि त्याला बदडावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

चिऊ निघाली ती सकाळी. टॅक्सी खाली उभी होती. ती माझ्या पाया पडली, मी रडले, तीही रडली, आमचं दोघींचं रीतसर पार पडलं. दादा दाराशी उभा, हात पाठीमागे बांधून. तिनं त्याच्याही पायाला हात लावला. मग बॅग उचलली, उंबऱ्याबाहेर गेली आणि वळून म्हणाली, "बाबा, मी फोन करीन. उचलाल ना?"

"हं," दादा म्हणाला.

ती थांबली. मला तो क्षण ओळखीचा होता, फळीवरच्या रेडिओतून कितीदा ऐकला होता. तिचे ओठ हललेसुद्धा. पण या वेळीही तिनं विचारलं नाही. दार ओढून घेतलं आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

दादा बंद दाराकडे बघत होता. मग नीट, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तू फोन केलास की उचलीन."

"अरे, मग हे दार उघडून सांग ना तिला!" मी किंचाळले. "दाराला काय सांगतोस?"

तो धावला. गुडघे दुखणारा माणूस, कठड्याला धरून तीन मजले उतरला. मी खिडकीतून पाहिलं. टॅक्सी वळणावर गेलेली होती आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, एक हात अर्धा वर केलेला.

फोन येतो. नाही असं नाही. दर रविवारी येतो, पण माझ्यावर. "आत्या, बाबा कसे आहेत? गोळ्या घेतात? गुडघा?" मी सगळं सांगते. दादा समोरच्या खुर्चीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेला असतो. त्याचा स्वतःचा फोन शर्टाच्या खिशात असतो, भरलेला. पूर्वी तो कधी चार्ज केलेला नसायचा.

गेल्या रविवारी मी धीर करून तिला सांगून टाकलं. "चिऊ, तू गेलीस ना, तेव्हा तुझ्या पाठीमागे तो बोलला होता. तू फोन केलास की उचलीन, असं. पूर्ण उत्तर दिलं गं त्यानं. माझी शपथ."



"तू खोटं बोलणार नाहीस आत्या, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण मला ते ऐकू आलं नव्हतं. परत आलं नाही ते पोचलं नाही असं धरायचं. बाबांनीच शिकवलंय."

"अगं, मग तू त्याला विचार ना! म्हण, पूर्ण उत्तर द्या म्हणून!"

"एकदा म्हटलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तेच तर मला जास्त लागलं. मग तिला ड्युटीवर जायचं होतं, तिनं फोन ठेवला.

दादानं टीव्ही बंद केला होता. "काय म्हणाली?"

मी काही लपवलं नाही. का लपवू? जसंच्या तसं सांगितलं, माझं बोलणं, तिचं बोलणं, शेवटचं वाक्यसुद्धा.

"हं," तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. उठलेही नाही. तशीच त्याच्याकडे बघत बसले. खिशातल्या फोनवर त्याचा हात गेला, तिथंच राहिला.

"एकदा म्हटलं होतं," दादा म्हणाला. तिनं म्हटलं तसंच, एकेक शब्द सुटा.

"बरोबर," मी म्हटलं.